सेक्टर ८, पण कुठल्या नोडमधला? नकाशाचा डेटा एका स्कीमातून दुसऱ्या स्कीमात नेताना

ऐरोली स्टेशनबाहेर रिक्षात बसून नुसतं "सेक्टर आठ" म्हटलं की रिक्षावाला ऐरोलीच्या सेक्टर ८ला नेतो. कोपरखैरण्यात तेच म्हटलं तर कोपरखैरण्याच्या सेक्टर ८ला. सेक्टर ८ वाशीला आहे, नेरूळलाही आहे. नवी मुंबईत वाढलेल्याला हे कुणी शिकवत नाही, पत्ता लिहिताना सेक्टरसोबत नोडचं, म्हणजे ऐरोली-वाशीसारख्या उपनगराचं, नाव आपसूक येतं. बाहेरून आलेला पाहुणा मात्र हमखास चुकतो.

डेटाबेसमधला स्कीमा (टेबलं ठेवायचा कप्पा) म्हणजे हा नोड. डेटाबेस हे शहर, स्कीमा हा नोड आणि टेबल हा सेक्टर. ‘नाले’ नावाचं टेबल एका स्कीमात असू शकतं आणि त्याच नावाचं दुसरं टेबल शेजारच्या स्कीमातही असू शकतं. पूर्ण नाव घेतलं की गोंधळ होत नाही. नुसतं ‘नाले’ म्हटलं तर डेटाबेस रिक्षावाल्यासारखाच अंदाज बांधतो. कुठल्या स्कीमात आधी पाहायचं, कुठल्या नंतर, याची एक यादी त्याच्याकडे असते. तिला सर्च पाथ म्हणतात. यादीत जो स्कीमा आधी, त्यातलं टेबल तुमच्या हाती येतं.

मी गेली काही वर्षं पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचे नकाशे सांभाळते. नवी मुंबईचा बराच भाग सखल आहे, म्हणून इथे खाडीच्या कडेने धारण तलाव बांधलेले आहेत. भरतीला खाडीचं पाणी चढलं की झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. कुठला नाला कुठल्या तलावाला मिळतो, चेंबरचा तळ किती खोल आहे, गाळ काढला की नाही, हे सगळं आमच्या डेटाबेसमध्ये असतं. जुलैत जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर तो नकाशा उघडलाच पाहिजे. म्हणून हा विषय मला कोरडा वाटत नाही.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्याला नकाशावरचे आकार कळावेत म्हणून त्यावर पोस्टजीआयएस, आणि नकाशा पाहायला व दुरुस्त करायला क्यूजीआयएस. तिन्ही मोफत आणि खुली सॉफ्टवेअर आहेत. ठाणे-नवी मुंबईतली कितीतरी लहान ऑफिसं यावरच चालतात, आणि बहुतेकांची सुरुवात सारखीच असते. सगळी टेबलं ‘पब्लिक’ नावाच्या, आपोआप मिळालेल्या स्कीमात पडतात. दोन वर्षांनी तिथे ‘नाले’, ‘नाले नवीन’, ‘नाले नवीन फायनल’ अशी रांग लागते आणि खरा नाला कुठला हे एकाच माणसाला ठाऊक असतं. तेव्हा वेगवेगळे स्कीमा करायची वेळ येते. आम्ही तीन केले. सर्व्हेतून आलेलं ‘कच्चा’मध्ये, तपासून झालेलं ‘पक्का’मध्ये, आणि वॉर्डाच्या हद्दी, रस्ते यांसारखं क्वचित बदलणारं ‘आधार’मध्ये.

जमीन हलत नाही, जिल्हा बदलतो

१ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं. वसई, डहाणू, जव्हार, मोखाड्यासह आठ तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. जमीन इंचभरही सरकली नाही. बांध तेच, विहिरी त्याच. कागदावरचा जिल्हा बदलला आणि कलेक्टर कचेरी ठाण्याऐवजी पालघरला झाली.

एकाच डेटाबेसमध्ये टेबलाचा स्कीमा बदलणं नेमकं असंच असतं. ‘अल्टर टेबल’ आणि ‘सेट स्कीमा’ ही एका ओळीची आज्ञा आहे. ती एकही ओळ कॉपी करत नाही, फक्त डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत टेबलाचा पत्ता बदलते. म्हणून टेबलात पाचशे ओळी असोत की पन्नास लाख, वेळ सारखाच, पापणी लवते तेवढा. टेबलाचे इंडेक्स (ओळी पटकन शोधायच्या सूची), त्यावरच्या अटी आणि नंबर देणारे त्याचे सिक्वेन्सही सोबत जातात.

एक अडचण मात्र असते. ही आज्ञा चालताना टेबल पूर्ण बंद करावं लागतं. कुणी त्यावर मोठी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवत असेल तर आज्ञा थांबून राहते आणि तिच्यामागून आलेले सगळे वाचणारेही रांगेत अडकतात. ऑफिसभर नकाशे गोठतात. त्यावर उपाय म्हणजे ‘लॉक टाइमआउट’ पाच सेकंदांवर ठेवायचा. तेवढ्यात कुलूप मिळालं नाही तर आज्ञा माघार घेते आणि आपण थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टग्रेसचं आणखी एक मोठं सुख असं की टेबल हलवणं, नाव बदलणं, परवानगी देणं हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं नाहीतर काहीच नाही अशा गठ्ठ्यात, बांधता येतं. मध्ये काही चुकलं तर ‘रोलबॅक’ म्हणायचं आणि सगळं होतं तसं होतं. मी याशिवाय एकही टेबल हलवत नाही.

हलवण्यापेक्षा जास्त डोकं लागतं ते हलवल्यानंतर त्या टेबलाला कोण कोण शोधत येईल, हे आधी ओळखायला. काहीजण टेबलाला त्याच्या आतल्या क्रमांकाने ओळखतात. व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या क्वेरी, तसे असतात. टेबल कुठेही गेलं तरी जुना व्ह्यू चालत राहतो, कारण त्याने पत्ता लिहूनच घेतलेला नसतो. बाकीचे नावाने शोधतात आणि ते चुकतात. डेटाबेसमधली बरीचशी फंक्शन्स आतली क्वेरी साध्या मजकुरासारखी साठवतात. त्यामुळे दिवसा सगळं ठीक दिसतं आणि रात्री ठरलेल्या वेळी चालणारं फंक्शन टेबल सापडत नाही म्हणून पडतं. क्यूजीआयएसच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये प्रत्येक लेयरसमोर (नकाशाच्या एकेका थरासमोर) स्कीमाचं नाव लिहिलेलं असतं, म्हणून जुनं प्रोजेक्ट उघडलं की लेयर मिळत नाहीत अशी खिडकी येते. ही फाइल आतून साधा मजकूरच असते; .qgz असेल तर आधी अनझिप करावी लागते. तिची प्रत ठेवून, ‘पब्लिक’च्या जागी ‘पक्का’ असं काळजीपूर्वक बदलता येतं.

आमचा घात झाला तो रंगांमुळे. लेयरचे रंग आणि चिन्हं क्यूजीआयएसला डेटाबेसमध्येच साठवता येतात. त्यासाठी ते ‘लेयर स्टाइल्स’ नावाचं एक टेबल करतं. ही स्टाइल कुठल्या स्कीमातल्या कुठल्या टेबलाची, हे त्यात निव्वळ शब्दांत लिहिलेलं असतं. आम्ही नाले हलवले, पण ते शब्द बदलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाल्यांचा लेयर उघडला, पण गाळ काढलेले हिरवे आणि राहिलेले लाल हा भेदच गेला. सगळे नाले एकाच तपकिरी रंगाचे. मे महिना होता, नालेसफाई ऐन भरात. साइटवरच्या एका सुपरवायझरांनी फोन करून विचारलं, "ताई, सगळं झालं का साफ? आम्ही पुढच्या वॉर्डात जाऊ का?" त्यांनी विचारलं म्हणून निभावलं. त्या टेबलात स्कीमाचा एक रकाना बदलला आणि रंग परत आले. आता हलवायच्या यादीत ते टेबल मी सगळ्यात वर लिहिते.

स्कीमा बदलण्याऐवजी कॉपी करायची वेळ येते ती दुसऱ्या डेटाबेसमध्ये किंवा दुसऱ्या सर्व्हरवर जाताना. तिथे ‘पीजी डंप’ हे साधन वापरावं. ते टेबल, इंडेक्स, अटी सगळं नीट बांधून देतं. लॉगिन आणि पासवर्ड मात्र त्यात येत नाहीत, ते ‘पीजी डंप ऑल’ने वेगळे काढावे लागतात. घाईत बरेचजण ‘क्रिएट टेबल अ‍ॅज सिलेक्ट’ वापरतात. त्यात फक्त ओळी येतात. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) येत नाही, जागेवरून शोधायचा इंडेक्स येत नाही, परवानग्या येत नाहीत. नकाशा संथ होतो आणि क्यूजीआयएस त्यात दुरुस्ती करू देत नाही, आणि दोष इंटरनेटला दिला जातो.

डब्यावरचं लेबल आणि डब्यातली साखर

साधी टेबलं हलवणारा आणि नकाशाची टेबलं हलवणारा यांच्यातला फरक इथे आहे. नकाशातला प्रत्येक बिंदू म्हणजे दोन आकडे, आणि ते कुठल्या मोजमापात आहेत हे सांगणारा एक क्रमांक. त्याला एसआरआयडी म्हणतात. जीपीएसचे अक्षांश-रेखांश ४३२६ या क्रमांकाचे. मीटरमध्ये मोजायचं असेल तर आपल्या भागाला ३२६४३ हा क्रमांक लागू पडतो. तो यूटीएम पद्धतीचा, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा, ४३वा पट्टा, पूर्व रेखांश ७२ ते ७८ अंशांमधला.

ठाणे स्टेशनचा बिंदू घेऊ. अंशांमध्ये तो साधारण ७२.९७५ आणि १९.१८६ असा आहे. तोच ३२६४३मध्ये साधारण २ लाख ८७ हजार आणि २१ लाख २२ हजार मीटर असा दिसतो. हे दोन आकडे मी भिंतीवर लावून ठेवले आहेत. समोरच्या आकड्यांचा घाट पाहूनच कळतं की डेटा कुठल्या मापात आहे.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पोस्टजीआयएसमध्ये दोन फंक्शन्स आहेत. ‘एसटी ट्रान्सफॉर्म’ आकडे नव्याने मोजून दुसऱ्या मापात नेतं. ‘एसटी सेट एसआरआयडी’ आकड्यांना हात लावत नाही, फक्त क्रमांकाची चिठ्ठी बदलते. साखरेच्या डब्यावर मीठ असं लिहिलं म्हणून साखर खारट होत नाही. अंशांतल्या डेटावर ३२६४३ची नुसती चिठ्ठी लावली, तर ठाणे स्टेशन त्या पट्ट्याच्या शून्य बिंदूपासून ७२ मीटर पूर्वेला आणि १९ मीटर उत्तरेला जाऊन बसतं. ती जागा हिंदी महासागरात आहे, जवळजवळ विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला. सगळं ठाणे शहर तिथे हातभर जागेत मावतं. डेटाबेस कसलीही तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळे आकडे वैध असतात.

दुसरी चूक एक्सेल फाइलमधून येते. अक्षांश आणि रेखांश उलटे भरले जातात. पोस्टजीआयएसला आधी रेखांश लागतो, मग अक्षांश. बोलताना आपण उलट बोलतो. तसं झालं तर ठाणे स्टेशन नॉर्वेच्या उत्तरेला, थंडगार समुद्रात निघतं. म्हणून टेबल हलवल्यावर लेयरची चौकट तपासायची. सगळ्यात पश्चिमेचा आकडा किती, सगळ्यात पूर्वेचा किती. ठाणे-नवी मुंबईचा डेटा ७२.८ ते ७३.२च्या बाहेर गेला की थांबायचं.

लांबी-क्षेत्रफळ मोजायचं टेबल मीटरमध्येच असावं, हे माझं ठाम मत आहे. अंशांत ठेवलेल्या एक किलोमीटरच्या नाल्याची लांबी ०.००९ अशी येते आणि कुणीतरी ती रिपोर्टात तशीच टाकतो. (३२६४३मध्येही आपण पट्ट्याच्या मध्यापासून दोन अंश दूर आहोत, म्हणून किलोमीटरमागे सुमारे १६ सेंटीमीटर जास्त दिसतात. नाल्याच्या कामाला ते चालतं.) नवं टेबल करताना त्याच्या जागेच्या रकान्याला (ज्यात नकाशावरचा आकार असतो) प्रकार आणि क्रमांक दोन्ही बांधून द्यावेत, म्हणजे ‘बहुबहुभुज (मल्टिपॉलिगॉन), ३२६४३’ असं. मग चुकीचा डेटा दारातच अडतो. एका तलावाचे दोन तुकडे असले तर साधा बहुभुज चालत नाही, म्हणून रकाना बहुबहुभुजाचा; एकसंध तलाव त्यात बसवायला ‘एसटी मल्टी’. कडा स्वतःलाच छेदणारे आकार ‘एसटी इज व्हॅलिड’ने हलवण्याआधीच शोधावेत, कारण क्षेत्रफळ चुकतं ते तिथे.

आणि एक गोष्ट कधीच करू नये. सगळी टेबलं हलवून झाली, आता रिकामा ‘पब्लिक’ स्कीमा काढून टाकू, असा विचार येतो. पोस्टजीआयएस स्वतः बहुधा त्याच ‘पब्लिक’मध्ये बसवलेलं असतं. ‘ड्रॉप स्कीमा’ला ‘कॅस्केड’ जोडलं तर ‘पब्लिक’सोबत पोस्टजीआयएस जातं, आणि त्याच्यासोबत सगळ्या स्कीमांतल्या सगळ्या टेबलांमधला जागेचा रकाना जातो. नाल्यांची नावं उरतात, नाले उरत नाहीत.

गेटचा पास आणि फ्लॅटची किल्ली

सोसायटीत कुणाकडे जायचं तर आधी गेटवर नोंद, मग फ्लॅटचं दार. फ्लॅटची किल्ली खिशात असली तरी वॉचमनने आत सोडलं नाही तर उपयोग नाही. पोस्टग्रेसमध्ये तसंच आहे. स्कीमात शिरायला ‘यूसेज’ लागतं, तो गेटचा पास. टेबल वाचायला ‘सिलेक्ट’ लागतं, ती किल्ली. टेबल हलवलं की किल्ल्या सोबत जातात, पण नव्या स्कीमाच्या गेटचा पास आपोआप कुणालाच मिळत नाही.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी सगळं हलवून, तपासून मी घरी गेले. सोमवारी सकाळी सर्व्हे करणाऱ्या मुलीचा फोन आला. ती घणसोलीत नाल्याकाठी टॅब्लेट घेऊन उभी होती आणि एकही लेयर उघडत नव्हता. मी तपासलं होतं ते टेबलांची आणि स्कीमांची मालक म्हणून. मालकाला कुठलंच दार बंद नसतं. ज्याच्याकडे सगळ्यात कमी हक्क आहेत, त्याच्या लॉगिनमधून तपासलं तरच खरं कळतं. त्यासाठी त्याचा पासवर्ड मागायची गरज नसते. ‘सेट रोल’ने काही क्षण त्याच्या जागी उभं राहता येतं. एक नाला वाचून पाहायचा, एक चेंबर भरून पाहायचा, एक दुरुस्त करून पाहायचा. मग खोडून पाहायचा आणि नकार मिळतो का ते बघायचं. शेवटी ‘रोलबॅक’.

गेटचा पास दिल्यावर तिला लेयर दिसले, पण नवं चेंबर सेव्ह होईना. नवीन ओळीला नंबर देणारा सिक्वेन्स हीसुद्धा वेगळी वस्तू आहे आणि तिचाही हक्क द्यावा लागतो. टेबल हलवताना तो हक्क हरवला नव्हता. तो तिला कधीच दिलेला नव्हता, आधी सगळे एकाच सामाईक लॉगिनने काम करायचे.

ते सामाईक लॉगिन बंद करणं हे त्या वर्षातलं सगळ्यात उपयोगी काम ठरलं. हक्क माणसाला देऊ नयेत, कामाला द्यावेत. आम्ही लॉगिन नसलेले तीन रोल, म्हणजे कामाच्या भूमिका, केले. ‘वाचक’ फक्त पाहतो. ‘सर्व्हे’ला ‘कच्चा’मध्ये भरता आणि बदलता येतं, खोडता येत नाही. ‘तपासनीस’ ‘कच्चा’मधलं पाहून ‘पक्का’मध्ये घेतो. प्रत्येक माणसाचं लॉगिन वेगळं, आणि ते या तिघांपैकी एकाला जोडलेलं. नवी मुलगी आली की एक ओळ लिहायची, तिला ‘सर्व्हे’त घालायचं. टेबल खोडण्याचा किंवा त्याची रचना बदलण्याचा हक्क देता येतच नाही, तो मालकाचा. म्हणून टेबलांची मालकीही एका वेगळ्या रोलकडे ठेवली, कुठल्याही माणसाकडे नाही.

इथे अनेकांना चकवणारी एक गोष्ट आहे. ‘सगळ्या टेबलांवर सिलेक्ट’ असा हक्क दिला तरी तो आज असलेल्या टेबलांनाच लागतो, उद्याच्या नाही. उद्यासाठी ‘डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ लावतात, पण तेही ज्या रोलच्या नावाने लावले त्याने केलेल्या टेबलांपुरते. आणि दुसऱ्या स्कीमातून हलवून आणलेल्या टेबलाला ते लागतच नाहीत, कारण ते टेबल नव्याने जन्मलेलं नसतं. म्हणून प्रत्येक स्थलांतरानंतर हक्क हाताने द्यावेत.

जुने सर्व्हर वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. २०२२मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १५पासून नव्या डेटाबेसच्या ‘पब्लिक’मध्ये कुणीही यावं आणि टेबल करावं ही मुभा गेली. त्याआधीच्या आवृत्तीतून वर आणलेल्या डेटाबेसमध्ये ती तशीच राहते. आपण काढून घ्यावी.

दोन ठेकेदारांना दोन वेगळे वॉर्ड दाखवायचे असतील तर ओळीनिहाय हक्कही ठेवता येतात. टेबल एकच, पण प्रत्येकाला आपल्याच वॉर्डाच्या ओळी दिसतात. पासवर्डबद्दल एवढंच, क्यूजीआयएसमध्ये तो जोडणीत सेव्ह केला तर प्रोजेक्ट फाइलमध्ये उघडा लिहिला जाऊ शकतो आणि ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. त्यासाठी क्यूजीआयएसची स्वतःची कुलूपबंद पेटी आहे, ती वापरावी.

कुणी नोकरी सोडून गेलं की त्याचं लॉगिन काढायला जावं, तर पोस्टग्रेस नकार देतं, कारण त्याच्या नावावर कुठेतरी एखादं टेबल असतंच. त्यासाठी दोन आज्ञा आहेत आणि त्यांचा क्रम पाठ असावा. आधी ‘रीअसाइन ओन्ड’, म्हणजे त्याच्या नावावरचं सगळं मालक रोलच्या नावावर. मग ‘ड्रॉप ओन्ड’, म्हणजे त्याचे उरलेले हक्क साफ. प्रत्येक डेटाबेसमध्ये जाऊन हे करायचं आणि मग लॉगिन काढायचं. क्रम उलटा झाला तर दुसरी आज्ञा त्याच्या नावावरची टेबलंच खोडते, त्यात त्याने वर्षभर फिरून भरलेले नाले असले तरी.